उत्तनच्या पणजीचे माहेर शोधताना

मीरा-भाईंदरमधील उत्तन, पाली, चौक, डोंगरी या गावांतील ख्रिस्ती कोळी आणि ईस्ट इंडियन कॅथलिक घराण्यांत एखाद्या पणजीची वंशावळ शोधायची, तर पहिले दार चर्चच्या वहीचे. 1563 मध्ये समाप्त झालेल्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेने धर्मगुरूंना विवाहनोंदी ठेवणे बंधनकारक केले.

बाप्तिस्म्याच्या नोंदीत मुलीचे नाव, आईवडील, धर्ममातापिता आणि तारीख असते. विवाहाच्या नोंदीत वधूचे आईवडील सापडतात, म्हणून माहेरचा धागा इथेच हाती लागतो. 1908 पासून लग्नाची नोंद बाप्तिस्म्याच्या वहीतही करण्याचा नियम आला. त्यामुळे मुलगी दुसऱ्या गावी दिली असली तरी तिचा माग राहतो. जुन्या नोंदी पोर्तुगीज किंवा लॅटिनमध्ये असू शकतात.

आगरी आणि इतर हिंदू घराण्यांसाठी महसुली दप्तर उपयोगी पडते. कोतवाल बुकात गावातील जन्म-मृत्यू लिहिले जात. जुनी पाने अनेकदा मोडी लिपीत असतात आणि तिथे मुलीच्या नावाऐवजी केवळ वडिलांचे नाव मिळते. वारस फेरफार, म्हणजे मृत खातेदाराच्या जमिनीवर वारसांची नावे चढवल्याची नोंद, अधिक बोलका असतो. बहिणींनी हक्कसोड केली, तरी त्यांची सासरची नावे त्यात उरतात. तीर्थक्षेत्रीच्या पंड्यांच्या वह्यांत मात्र भर पुरुषांच्या नावांवर असतो.

शोध वर्तमानातून मागे न्यावा आणि प्रत्येक नाते दोन नोंदींनी पडताळावे. त्याआधी घरातील वडीलधाऱ्या बायकांकडून माहेरची नावे, गावे आणि पाडे लिहून घ्यावेत.