घड्याळ नवे, पंचांग जुने

श्रोतेहो, घरातले घड्याळ मागे पडले की आपण काय करतो? रेडिओवर वेळ सांगतात तेव्हा काटा जुळवून घेतो. आता हेच काम यंत्रे आपसांत करतात. मोबाइल, संगणक, बँकेतली यंत्रे ही सारी एका जाळ्यात जोडलेली असतात. दूरच्या एखाद्या अचूक घड्याळाला ती अधूनमधून विचारतात, ‘बाबा रे, किती वाजले?’ आणि सेकंदाचाही फरक पडू देत नाहीत. असे असूनही ११ मार्च २००७ च्या सकाळी अमेरिकेतली कित्येक यंत्रे बरोबर एक तास मागे होती. चार मिनिटे नव्हे, दहा मिनिटे नव्हे, नेमका एक तास. हे झाले कसे?

अमेरिकेत वसंत ऋतूत घड्याळे तासभर पुढे करतात आणि शरदात पुन्हा मागे आणतात. उन्हाळ्यातला उजेड संध्याकाळी अधिक मिळावा हा त्यातला हेतू. आपल्याला हे चमत्कारिक वाटते, पण दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ पर्यंत, आपल्या देशातही घड्याळे तासभर पुढे होती. तेव्हा हुकूम निघाला की माणूस काटा फिरवी, आणि काम संपे.

यंत्राचे तसे नाही. जाळ्यावरचे ते अचूक घड्याळ फक्त जागतिक प्रमाणवेळ सांगते. सगळ्या पृथ्वीला एकच. तुमच्या गावात किती वाजले, हे ते सांगत नाही. तो हिशेब ज्याचा त्याने करायचा. भारतातले यंत्र साडेपाच तास मिळवते. न्यूयॉर्कमधले यंत्र हिवाळ्यात पाच तास वजा करते, उन्हाळ्यात चार. मग ‘उन्हाळा’ कधी लागला हे त्याने कसे ओळखायचे? त्यासाठी त्याच्या पोटात एक लहानसे पंचांग लिहून ठेवलेले असते. गोम आहे ती इथे. घड्याळ कितीही अचूक असो, पंचांग गेल्या सालचे असेल तर वेळ चुकणारच.

अमेरिकेत २००६ पर्यंत उन्हाळी वेळ एप्रिलच्या पहिल्या रविवारी सुरू होऊन ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी संपत असे. ऑगस्ट २००५ मध्ये तिथे नवा कायदा झाला. २००७ पासून आरंभ मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि शेवट नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, असे ठरले. कायद्याच्या पुस्तकात दोन ओळी बदलल्या. पण त्या दोन ओळी ज्या यंत्रांच्या पोटात होत्या, त्या प्रत्येकात त्या बदलायला हव्या होत्या. नव्या संगणकांना जाळ्यावरूनच दुरुस्ती मिळाली. जुन्या यंत्रांचा वाली कोण? काही घड्याळांत तर नियम कारखान्यातच कायमचा कोरलेला होता. मालकाने ११ मार्चला हाताने ती पुढे केली, तर १ एप्रिलला त्या इमानदार घड्याळांनी आपण होऊन आणखी एक तास पुढे उडी मारली!

पण यापेक्षा अवघड प्रकरण ठरवून ठेवलेल्या भेटींचे. शिक्षकमंडळींनी हे मुलांना फळ्यावर मांडून दाखवावे. न्यूयॉर्कच्या एका माणसाने, पंचांग बदलण्याआधी, २० मार्च २००७ ची सकाळी दहाची भेट संगणकात नोंदवली असे समजा. जुन्या नियमाने त्या दिवशी हिवाळी वेळ. म्हणून संगणकाने दहात पाच मिळवले आणि ‘जागतिक वेळ पंधरा वाजता’ असे टिपून ठेवले. पुढे पंचांग बदलले. आता पंधरातून चारच वजा होणार. म्हणजे भेट अकराला! मौज पाहा, ज्याने कागदाच्या डायरीत लिहिले तो वेळेवर पोचला आणि ज्याचा संगणक शहाणा झाला तो तासभर उशिरा. यंत्र दुरुस्त झाले म्हणून त्यातल्या जुन्या नोंदी दुरुस्त होत नाहीत. त्या वेगळ्या तपासाव्या लागतात, आणि पुष्कळांना ते काम एकेक नोंद उघडून हातानेच करावे लागले.

जगभरच्या या नियमांची एक सामाईक वही आहे. आर्थर डेव्हिड ओल्सन या गृहस्थांनी १९८० नंतरच्या दशकात ती सुरू केली आणि असंख्य यंत्रे आपले पंचांग तिच्यावरून घेतात. आपल्या युद्धकाळातल्या त्या तासाचीही तिच्यात नोंद आहे. वही उत्तम, पण सरकारने पुरेसे आधी सांगितले तरच तिचा उपयोग. लेबनॉनमध्ये २०२३ साली २५ मार्चच्या मध्यरात्री घड्याळे पुढे व्हायची होती. २३ मार्चला सरकारने जाहीर केले की बदल एप्रिलपर्यंत लांबणीवर. रमजानचा महिना चालू होता. काही संस्थांनी आणि तिथल्या मॅरोनाइट चर्चने ते मानले नाही. फोनांना तर दोन दिवसांत कोण शिकवणार? पुष्कळ फोन जुन्या नियमाने पुढे गेले, आणि एकाच शहरात दोन वेळा नांदू लागल्या. वहीत त्याच दिवशी नवा नियम चढवला होता. २७ तारखेला सरकारने माघार घेतली आणि दुसऱ्या दिवशी वहीतली ती दुरुस्ती खोडावी लागली.

आता आपल्यापुरते. आपल्या देशात आता असा बदल होत नाही, तेव्हा आपल्या यंत्रांना घोर नाही. पण ज्यांची मुले परदेशी आहेत त्यांनी लक्षात ठेवावे. हिवाळ्यात न्यूयॉर्कला सकाळचे दहा म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेआठ. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून तेच साडेसात. नोव्हेंबरात पुन्हा साडेआठ होतात, तेव्हा ‘अजून फोन कसा आला नाही?’ म्हणून जीव खालीवर करू नये. फोनमध्ये परगावची वेळ लावताना ‘इतके तास मागे’ असे लावण्यापेक्षा शहराचे नाव निवडावे. म्हणजे तासाची उलाढाल तो पंचांग पाहून करील. मात्र त्याला येणाऱ्या दुरुस्त्या ‘नंतर पाहू’ म्हणून टाळू नयेत.