संकल्पाची सहामाही

ऑक्टोबर उजाडला की शाळांतून सहामाही परीक्षेची लगबग सुरू होते. जूनपासून काय शिकविले गेले आणि त्यातले मुलांच्या पदरी किती पडले, याची झडती त्या आठवड्यात घेतली जाते. ती घेणारे शिक्षक मात्र स्वतः कोणत्याही सहामाहीला बसत नाहीत. पाडव्याला किंवा एप्रिलच्या पगाराला केलेला एखादा संकल्प त्यांच्याही घरी असतो. तो श्रावणाच्या सुमारास कुठेतरी निसटतो आणि पुढच्या पाडव्यापर्यंत त्याचे नाव कोणी काढीत नाही.

वसईच्या होळी भागात राहणाऱ्या एखाद्या कारकुनाचे उदाहरण घ्यावे. सकाळी बसने वसई रोड स्थानक गाठावयाचे, तेथून चर्चगेटची लोकल, आणि दिवेलागणीनंतर परत, असा त्याचा क्रम. मुलीच्या कॉलेजप्रवेशासाठी दरमहा ५,००० रुपये बाजूला टाकावयाचे आणि मार्चअखेर ६०,००० जमवावयाचे, असे त्याने एप्रिलमध्ये ठरविले. चार महिने नेम चालला. ऑगस्टमध्ये आईच्या डोळ्याची शस्त्रक्रिया निघाली, सप्टेंबरात गणपती आले. शिल्लक राहिली २०,००० रुपये. आता ठरलेली रक्कम गाठावयाची तर उरलेल्या सहा महिन्यांत दरमहा ६,६६७ रुपये टाकावे लागतील. ज्याला ५,००० हीच ओढाताण होती त्याला हे जमणार नाही, हे कळण्यास अर्थशास्त्र लागत नाही. मग तो काय करतो? तो ३,००० टाकीत नाही. काहीच टाकीत नाही. मार्चमध्ये त्याच्यापाशी २०,००० असतात, तेही मध्यंतरी उचलले गेले नाहीत तर. ३,००० टाकले असते तर ३८,००० झाले असते. हा १८,००० रुपयांचा तोटा शस्त्रक्रियेने केलेला नाही. ‘ठरवलं ते जमलं नाही, आता कशाला?’ या एका वाक्याने तो केला आहे.

या वाक्यामागे संकल्प म्हणजे प्रतिज्ञा ही समजूत आहे. प्रतिज्ञा एक तर पाळली जाते, नाही तर मोडते; तिला दुरुस्ती ठाऊक नसते. वस्तुतः मराठीत सरकारच्या जमाखर्चाच्या अंदाजालाही ‘अर्थसंकल्प’ असेच म्हणतात, आणि तो तर दरवर्षी दुरुस्त होतो. राज्यघटनेच्या २०५ व्या अनुच्छेदाने पुरवणी मागण्यांची सोयच करून ठेवली आहे. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात त्या मांडल्या जातात तेव्हा राज्याने शब्द मोडला असे कोणी म्हणत नाही. (त्या मागण्यांचा आकार पाहून मूळ अंदाज कोणत्या भरवशावर केला होता, हा प्रश्न पडावा, ही गोष्ट वेगळी.)

याहून मोठा दाखला नियोजनाच्या इतिहासात आहे. तिसरी पंचवार्षिक योजना १९६१ ते १९६६ या काळातली. १९६२ व १९६५ ची युद्धे आणि १९६५ चे अवर्षण यांनी तिचे आकडे उधळून लावले. चौथी योजना १९६६ मध्ये ठरल्याप्रमाणे सुरू करणे म्हणजे कागदाचा मान राखणे झाले असते. ते टाळून १९६६ ते १९६९ ही तीन वर्षे वार्षिक योजनांवर काढली गेली. पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ १९६७ मध्ये नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले आणि १९६९ मध्ये चौथी योजना नव्याने मांडली गेली. तिचीही उद्दिष्टे पुढे पुरी झाली नाहीत, हे नमूद केले पाहिजे. फेरआखणी म्हणजे यशाची हमी नव्हे. तथापि चुकलेल्या आकड्यांवर आणखी तीन वर्षे गेली नाहीत, एवढा लाभ निश्चित झाला.

होळीच्या रहिवाशाला तर इतक्या लांब जाण्याचेही कारण नाही. वसईचा किल्ला त्याच्या जवळच आहे. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे आणि साष्टी घेतली. वसईवरचे त्या वर्षीचे हल्ले मात्र फसले. पुन्हा त्याच तटावर डोके आपटावे किंवा मोहीमच सोडून द्यावी, एवढेच दोन मार्ग आहेत असे मानले गेले नाही. १७३९ च्या जानेवारीत माहीम, तारापूर ही किनाऱ्यावरची उत्तरेकडील ठाणी आधी घेतली गेली, मग वसईला वेढा पडला आणि मे महिन्यात किल्ला चिमाजी अप्पांच्या हाती आला. उद्दिष्ट तेच राहिले. बदलला तो क्रम आणि मुदत.

अर्थात फेरविचाराच्या नावाखाली आळसही खपतो. दर सोमवारी उद्दिष्ट बदलणारा विद्यार्थी आढावा घेत नसतो, तो पळवाट शोधीत असतो. दोहोंतला फरक ओळखण्यास एक साधी कसोटी आहे. उद्दिष्ट बदलताना बदलाचे कारण वहीत लिहिता येते का? ‘आईची शस्त्रक्रिया’ हे लिहिता येते. ‘कंटाळा आला’ हेही खरे तर लिहिता येते, पण लिहिताना हात अडखळतो, आणि ते अडखळणे उपयोगाचे असते. शिवाय दुरुस्ती नेहमी खालीच व्हावी असे नाही. पदवीचा अभ्यास अपेक्षेपेक्षा लवकर हातावेगळा झालेल्याने उरलेल्या महिन्यांसाठी जास्तीचे काही अंगावर घेण्यास हरकत कसली? ही वरची दुरुस्ती फारसे कोणी करीत नाही, हे मात्र खरे.

सर्वांत अवघड जागा आहे ती दुसऱ्यांनी ठरविलेल्या उद्दिष्टांची. स्पर्धापरीक्षेचा तिसरा प्रयत्न करणाऱ्या मुलाला ऑक्टोबरातच कळलेले असते की अभ्यासक्रम या वर्षी पुरा होणार नाही आणि हाताशी नोकरी असणे बरे. परंतु संकल्प त्याच्या एकट्याचा नसतो. वडिलांनी तो नातेवाइकांत सांगितलेला असतो, क्लासची फी भरलेली असते. गेलेली फी कोणत्याही निर्णयाने परत येणार नाही. तिला पुढच्या वर्षाच्या हिशेबात स्थान नाही, असे अर्थशास्त्र सांगते. वर्गात हे तत्त्व लिहून घेणे सोपे असते. रात्रीच्या जेवणानंतर वडिलांसमोर ते उच्चारणे कठीण, आणि म्हणून ते बोलणे दिवाळीपर्यंत, मग निकालापर्यंत लांबते. पहिला शब्द अशा वेळी वडिलांनी काढावा. त्यांच्याच कचेरीत मार्चचे अंदाज दर वर्षी सुधारून जात असतात.