पाळीव सर्पांचे गोठवलेले खाद्य आणि घरगुती आरोग्यसुरक्षा : उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसराच्या संदर्भात

सारांश : पाळीव विदेशी सर्पांना जिवंत उंदरांऐवजी गोठवलेले उंदीर देणे सर्पाच्या दृष्टीने अधिक सुरक्षित असते. मात्र गोठवणे म्हणजे निर्जंतुक करणे नव्हे. थंडीमुळे जिवाणूंची वाढ थांबते, ते नष्ट होतातच असे नाही. प्रस्तुत लेखात अशा खाद्याची साठवण, वितळविणे व हाताळणी यांची शास्त्रीय कारणमीमांसा केली असून, या तीन शहरांतील घरांची रचना, पूर व वीजपुरवठा यांच्या अनुषंगाने तिचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : पाळीव सर्प, गोठवलेले उंदीर, साल्मोनेला, शीतसाखळी, वन्यजीव संरक्षण कायदा.

प्रस्तावना

सर्प हा पूर्णतः मांसाहारी प्राणी असून तो भक्ष्य सबंध गिळतो. जिवंत उंदीर सर्पाच्या पेटीत सोडल्यास तो स्वसंरक्षणार्थ चावा घेतो व भूक नसलेल्या सर्पाला गंभीर जखमा होऊ शकतात. उंदरालाही विनाकारण यातना होतात. त्यामुळे मारून गोठवलेले उंदीर वापरण्याची पद्धत अनेक देशांत रूढ झाली. परंतु या पद्धतीबरोबर उंदराचे शव घरातील शीतकपाटात, म्हणजेच कुटुंबाच्या अन्नाशेजारी येऊन बसते. या बदलाचा आरोग्याच्या अंगाने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कायद्याची चौकट

प्रारंभीच एक बाब स्पष्ट करणे आवश्यक आहे. नाग, धामण, अजगर, मांडूळ यांसारखे भारतीय सर्प पकडून घरी पाळणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा आहे. घरात शिरलेला सर्प पकडल्यास वनविभागास कळवून त्याला योग्य अधिवासात सोडणे अपेक्षित असते. प्रस्तुत विवेचन त्यामुळे केवळ विदेशी सर्पांपुरते मर्यादित आहे. बॉल पायथनसारख्या, आंतरराष्ट्रीय व्यापार करारातील परिशिष्टांत समाविष्ट असलेल्या प्रजाती बाळगणाऱ्यांना २०२२ च्या दुरुस्तीनुसार व २०२४ च्या नियमांनुसार परिवेश संकेतस्थळावर नोंदणी करणे बंधनकारक आहे. असा प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांच्या आत ही नोंद करावी लागते. प्राणी विकणाऱ्या दुकानांनाही २०१८ च्या नियमांनुसार नोंदणी आवश्यक आहे.

गोठवण्याने नेमके काय साध्य होते?

उणे १८ अंश सेल्सिअस तापमानाला शवातील पाण्याचा बहुतांश भाग बर्फरूप होतो. जिवाणूंना वापरता येईल असे पाणी उरत नाही आणि त्यांची वाढ थांबते. पिसवा व अनेक परजीवी या थंडीत मरतात. परंतु साल्मोनेला गटातील जिवाणू सुप्तावस्थेत टिकून राहतात व शव वितळताच पुन्हा वाढू लागतात. निरोगी दिसणाऱ्या उंदराच्या आतड्यात आणि निरोगी सर्पाच्या विष्ठेतही हे जिवाणू असू शकतात.

ही केवळ तात्त्विक भीती नाही. २००८ ते २०१० या काळात ब्रिटन व अमेरिकेत सर्पांसाठी विकलेल्या गोठवलेल्या उंदरांमुळे माणसांमध्ये साल्मोनेलाचा प्रादुर्भाव झाला. २०१४ मध्ये अमेरिकेत त्याची पुनरावृत्ती झाली. अशा संसर्गात जुलाब, ताप व पोटात कळा येणे ही लक्षणे दिसतात. पाच वर्षांखालील मुले, वृद्ध, गर्भवती स्त्रिया व प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या व्यक्ती यांना अधिक धोका संभवतो. ज्या घरात सर्प पाळला जातो तेथील रुग्णाने ही माहिती डॉक्टरांना आवर्जून द्यावी.

साठवण व हाताळणी

उंदरांसाठी स्वतंत्र, लहान फ्रीजर असणे हाच खरा उपाय होय. प्रत्येक शव घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत, ती पिशवी झाकणाच्या डब्यात आणि डब्यावर दिनांक, अशी व्यवस्था असावी. दीर्घ साठवणीत मेद खवट होतो व जीवनसत्त्वांचा ऱ्हास होतो. म्हणून आधी आणलेले आधी वापरावे व साठा सहा महिन्यांहून अधिक काळ ठेवू नये.

शव शीतकपाटाच्या खालच्या, थंड भागात बंद डब्यात ठेवून रात्रभरात वितळवावे. ओट्यावर उघडे ठेवल्यास बाहेरील भाग उबदार होऊन तेथे जिवाणू वाढतात व आतील भाग मात्र गोठलेलाच राहतो. अर्धवट गोठलेले भक्ष्य सर्पाच्या पचनास बाधक ठरते. पूर्ण वितळल्यावर बंद पिशवीसह कोमट पाण्यात ठेवून ते उबदार करावे, कारण अनेक सर्प भक्ष्याची ऊब जाणूनच झडप घालतात. मायक्रोवेव्हचा वापर टाळावा. त्यात शव असमान तापते, प्रसंगी फुटते व अन्नाचे उपकरण दूषित होते.

भक्ष्य लांब चिमट्याने द्यावे. त्याची जाडी सर्पाच्या शरीराच्या सर्वांत जाड भागाएवढी असावी. काही तासांत न खाल्लेले भक्ष्य काढून टाकावे, पुन्हा गोठवू नये. यासाठीची भांडी व पाण्याची बादली वेगळी असावी आणि ती स्वयंपाकघराच्या मोरीत धुऊ नयेत. काम संपताच हात साबणाने धुवावेत. लहान मुलांकडे हे काम सोपवू नये.

स्थानिक परिस्थिती

वरील नियम या परिसराला लागू करताना तीन अडचणी संभवतात. पहिली अडचण जागेची. उल्हासनगरची वस्ती मूळ लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनी वसविली. तेथील दाट वस्तीत काय किंवा अंबरनाथ-बदलापूरच्या छोट्या सदनिकांत काय, सर्वसामान्य कुटुंबाकडे एकच शीतकपाट असते. त्याच्या बर्फाच्या कप्प्यात मुलांचे आइस्क्रीम व उंदीर शेजारी ठेवणे कोणत्याही परिस्थितीत समर्थनीय नाही.

दुसरी अडचण विजेची. न उघडलेला पूर्ण भरलेला फ्रीजर सुमारे ४८ तास, तर अर्धा भरलेला सुमारे २४ तास थंडी धरतो. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत उल्हास व वालधुनी नद्यांना महापूर आला. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली. अशा आपत्तीत वीज किती काळ खंडित राहील हे सांगता येत नाही. वीज परतल्यावर मऊ पडलेले शव पुन्हा घट्ट होते आणि बिघाड दृष्टीस पडत नाही. यावर सोपा उपाय असा की, पाणी गोठवलेल्या छोट्या वाटीत बर्फावर एक नाणे ठेवावे. नाणे खाली गेलेले आढळल्यास बर्फ मध्यंतरी वितळला होता असे समजून सर्व साठा टाकून द्यावा.

तिसरी अडचण मोहाची. घरच्या पिंजऱ्यात सापडलेला उंदीर फुकटचा म्हणून गोठवून ठेवण्याचा विचार कोणाच्याही मनात येऊ शकतो. तो अत्यंत घातक आहे. अशा उंदराने शेजारच्या घरात ठेवलेले विष खाल्लेले असू शकते व ते सर्पाच्या शरीरात जाते. त्याच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जिवाणू पसरतात, आणि पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून होणारा हा रोग या पट्ट्याला अपरिचित नाही.

टाकाऊ शव दुहेरी पिशवीत बांधून, कचरा वेचणाऱ्यांच्या हाती उघडे लागणार नाही अशा रीतीने द्यावे. ते नाल्यात टाकू नये.

निष्कर्ष

गोठवलेले खाद्य सर्पाला जखमेपासून वाचवते, परंतु माणसाला संसर्गापासून आपोआप वाचवत नाही. माणसाचे संरक्षण स्वतंत्र फ्रीजर, अखंड शीतसाखळी व हातांची स्वच्छता या तिन्हींवर अवलंबून आहे. यांपैकी एकाचीही हमी देता येत नसेल, विशेषतः घरात लहान मूल असेल, तर सर्प न पाळणे हाच विवेकी निर्णय ठरतो. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी सर्पाविषयीच्या कुतूहलाला या जबाबदारीची जोड द्यावी, एवढीच अपेक्षा.