डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग

1982 साली एचएमव्हीनं एक तबकडी काढली : ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’. वादक चरणजित सिंग. ती खपली नाही, आणि पुढची वीस वर्षं तिचं नाव कुणी काढलं नाही. आज जगभरचे इलेक्ट्रॉनिक संगीतकार तिच्याकडे आदरानं पाहतात.

चरणजित सिंग हे मुंबईतल्या हिंदी चित्रपटसंगीताचे वादक. ‘दम मारो दम’मध्ये ट्रान्झिकॉर्ड (इलेक्ट्रॉनिक अकॉर्डियन) वाजवला तो त्यांनी. शिवाय त्यांचा स्वतःचा ऑर्केस्ट्रा लग्नसमारंभांत गाजलेली गाणी वाजवायचा. अमळनेरकडच्या लग्नसराईत बँडच्या गाडीवर कॅसिओ वाजवणारा कलाकार ज्यांनी पाहिलाय, त्यांना हा पेशा समजावून सांगायला नको. गाणं सगळ्यांच्या ओठी असतं, वाजवणाऱ्याचं नाव कुणालाच ठाऊक नसतं.

सिंगापूरहून त्यांनी रोलँड कंपनीची नवी यंत्रं आणली. ठेक्यासाठी टीआर-808, बाससाठी टीबी-303 आणि वरच्या सुरावटीसाठी ज्युपिटर-8. यातली टीबी-303 ही छोटी पेटी एकट्यानं गिटार वाजवणाऱ्याला बासची साथ मिळावी म्हणून केलेली. एका आवर्तनाची 16 घरं, प्रत्येकात एक सूर भरायचा. भरणं किचकट, आणि आवाज खऱ्या बास गिटारसारखा मुळीच नाही. 1984 मध्ये तिचं उत्पादनच थांबलं. पण तिच्यात एक सोय होती : एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची. आपल्या कानाला ती मींडेच्या जवळची वाटते. मींड निघत नाही हा पेटीवरचा, म्हणजे हार्मोनियमवरचा, जुना आक्षेप. 1940 मध्ये आकाशवाणीनं पेटी हद्दपार केली, त्यामागंही तो होता. आणि इथं डिस्कोसाठी घेतलेलं यंत्र सुरांना सुरांत ओढत होतं! भैरवी, ललत, मेघ मल्हार, यमन, मालकंस असे दहा राग त्यांनी त्या एकसुरी, न थांबणाऱ्या ठेक्यावर मांडले. आलाप-विस्ताराला जागा नाही, जेमतेम पाच मिनिटांत राग आटोपतो. पण खाली घोळत राहणारा बास आणि वर मोकळी फिरणारी सुरावट ऐकताना त्याची उणीव मला भासत नाही.

1987 साली शिकागोच्या ‘फ्यूचर’ या गटानं तीच टीबी-303 वापरून ‘ॲसिड ट्रॅक्स’ काढलं आणि ‘ॲसिड हाउस’ हा नृत्यसंगीताचा प्रकार जन्मला. म्हणून काही जण चरणजित सिंगांना त्या प्रकाराचे जनक म्हणतात. मला ते पटत नाही. शिकागोच्या त्या पोरांना ही तबकडी ठाऊकच नव्हती. एकाच यंत्रातून दोन ठिकाणी सारखा नाद निघाला. मुंबईत तो पाच वर्षं आधी निघाला, आणि रागाच्या ओढीनं निघाला. एवढं श्रेय पुरेसं मोठं आहे.

या तबकडीचा खरा प्रभाव पडला तो उशिरा. 2002 मध्ये एडो बाउमन या डच संग्राहकाला दिल्लीत ही तबकडी सापडली. पुढं त्यानं मुंबईत सिंग यांना शोधून काढलं आणि 2010 मध्ये ‘बॉम्बे कनेक्शन’ या आपल्या लेबलवर तिची नवी आवृत्ती आणली. 1982 मध्ये असं कुणी वाजवलं असेल यावर काहींचा विश्वासच बसेना. कुणा आजच्या संगीतकारानं केलेली ही बनवाबनवी आहे, अशी शंका उघड बोलली गेली. मग सत्तरीतले चरणजित सिंग युरोपच्या रंगमंचांवर तेच राग, त्याच यंत्रांवर, तरुण श्रोत्यांसमोर वाजवू लागले. जुलै 2015 मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं.