आधी पैसे, मग दाद

लंडनमध्ये पोलिसांनी गाड्यांना जॅमर लावायला १९८३ साली सुरुवात केली, तेव्हा एजवेअरसारख्या उपनगराला त्याची झळ नव्हती. पुढे खासगी जागांवर जॅमरवाल्यांचं पेव फुटलं. ते सांगतील तो आकडा भरायचा आणि गाडी सोडवायची. १ ऑक्टोबर २०१२ पासून इंग्लंड-वेल्समध्ये हा धंदा बेकायदा ठरला. स्कॉटलंडने तो वीस वर्षं आधीच मोडीत काढला होता!

या बंदीनंतरच्या जुलैत एजवेअरच्या बार्नेट कौन्सिललाच उच्च न्यायालयात हार पत्करावी लागली. रहिवाशांच्या पार्किंग परवान्याची फी ४० पौंडांवरून १०० वर नेली होती. त्याविरुद्ध डेव्हिड ॲटफिल्ड हे रहिवासी उभे राहिले. पार्किंगचा कायदा तिजोरी भरण्यासाठी नाही, असं न्यायालयाने बजावलं. निकाल परवान्यांपुरता होता, तरी सामान्य गाडीवाल्याला तो मोठा आधार वाटला असणार.

खरी अडचण मात्र थकलेला दंड वसूल करायला येणाऱ्या बेलिफांची. २०१४ च्या नियमांनी त्यांची फी बांधून दिली: नोटिशीचे ७५ पौंड, दारात आले की आणखी २३५. त्यांच्याबरोबरच लागू झालेल्या जप्तीच्या नियमांत गरिबाच्या कामाच्या दोन गोष्टी आहेत. अपंगांचा ब्लू बॅज लावलेली गाडी नेता येत नाही, आणि पोटापाण्यासाठी लागणारी गाडी १,३५० पौंडांच्या मर्यादेत वाचते. जुनाट व्हॅनवर घर चालवणाऱ्याने पहिल्यांदा हेच पुढे करावं. भाडेकरूचं दुखणं वेगळं. घर बदललं, नोंदणीवर पत्ता जुनाच राहिला, नोटिसा तिकडे गेल्या आणि कळलं ते थेट गाडी गेल्यावर. अशा वेळी नॉर्थॅम्प्टनच्या दंडवसुली केंद्राकडे मुदतीनंतरचा अर्ज करता येतो. त्यात भर म्हणून ऑगस्ट २०२३ मध्ये यूलेझ, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवर शुल्क लावणारं क्षेत्र, एजवेअरपर्यंत आलं. नियमात न बसणाऱ्या गाडीला दिवसाला साडेबारा पौंड, आणि अशा जुन्या गाड्या कोणाकडे असतात ते सांगायला नको.

कौन्सिलने उचललेली गाडी सोडवायला लंडनमध्ये २०० पौंड लागत. एप्रिल २०२५ पासून २८०. कोंडवाड्याचं भाडं रोज ४० होतं, ते ५५ झालं, शिवाय दंड वेगळा. दहा दिवस पैसे जमवण्यात गेले, तर नुसतं भाडंच साडेपाचशेच्या घरात. दाद मागता येते, चूक कौन्सिलची निघाली तर पैसेही परत मिळतात. पण गाडी हातात हवी असेल तर आधी सगळी रक्कम मोजायची. महागड्या गाडीवाल्याला हा क्रम खुपत नाही. २०२५ साली आकडे बदलले, हा क्रमही तेव्हाच बदलायला हवा होता.