आजोबांच्या एचएमटीची डायल काढताय? आधी हे वाचा

चावीची जुनी एचएमटी 'जनता' घरीच खोलून बघायची हौस अनेकांना असते. पण वाट लागते ती डायलची. डायलच्या पाठीला दोन बारीक पाय असतात, मशीनच्या कडेचे दोन स्क्रू ते धरून ठेवतात. मशीन बाहेर आल्यावर आधी काटे काढा, मग हे स्क्रू नुसते सैल करा. पुरते काढले तर हरवलेच समजा! डायल हलली नाही तर जोर लावू नका, स्क्रू पुन्हा बघा. पाय तुटला की डाग देताना पुढचा रंग जळतो, मग ती डायल गेलीच. डायलखालचं तासकाट्याचं चाक सुटं असतं, मशीन उलटं केलं की पडतं. परत बसवताना पाय भोकात सरळ जाऊ द्या, मगच स्क्रू आवळा. दोन्ही काटे बरोबर बारावर बसवा, नाहीतर तास भरला तरी तासकाटा दोन आकड्यांच्या मध्येच राहतो.