बागेचं बिल नेमकं कशाचं?

मे महिना लागला की पुण्या-मुंबईतल्या सोसायट्यांमध्ये छाटणीची कोटेशनं यायला लागतात. झाडं तीच, फांद्या त्याच. तरी तीन कंत्राटदारांचे आकडे तीन, आणि त्यांत कधी कधी दुपटीचा फरक. मग बैठकीत कुणीतरी विचारतंच, ‘पानं-काटक्या तर उचलायच्यात, त्याला एवढे पैसे?’ बागकामाच्या दरांबद्दलचे बरेच गैरसमज या एका प्रश्नात आहेत.

पालापाचोळा हलका असतो हे खरंच आहे. गाडीभाडं मात्र वजनाला नाही, खेपेला द्यावं लागतं. ‘छोटा हत्ती’ म्हणून ओळखला जाणारा टेम्पो साधारण पाऊण टन माल नेतो. त्याचा हौदा जेमतेम सात फूट लांब आणि पावणेपाच फूट रुंद. त्यात गुलमोहराच्या आडव्यातिडव्या फांद्या भरल्या की गाडी डोक्यापर्यंत भरलेली दिसते, पण वजन बहुधा क्षमतेच्या निम्म्यालाही पोचत नाही. म्हणजे पैसे जातात ते फांद्यांमधल्या रिकाम्या जागेचे. कोयत्याने फांद्या तोडून, पानं वेगळी करून रचून भरल्या तर तीन खेपांचं काम दोनांत होतं. यंत्राने भुगा केला तर ढीग तिसऱ्या-चौथ्या हिश्शावर येतो. पण तोडायला आणि रचायला माणसं लागतात, त्यांची हजेरी लागते. एका कंत्राटदाराने हजेऱ्या जास्त आणि खेपा कमी लावल्या असतील, दुसऱ्याने उलट. खालची बेरीज पाहून त्यांतला फरक कळत नाही. कोटेशनमध्ये ‘कचरा उचलणे – एकरकमी’ एवढंच लिहिलं असेल, तर किती खेपा, कुठल्या गाडीने आणि कुठे, हे तीन प्रश्न विचारायलाच हवेत.

यातला ‘कुठे’ सर्वांत महत्त्वाचा. सर्वांत स्वस्त कोटेशनमध्ये पुष्कळदा याच प्रश्नाचं उत्तर नसतं. उचललेला पाला नदीकाठी, टेकडीच्या उतारावर किंवा रिकाम्या प्लॉटवर टाकून तिथेच पेटवला, की वाहतूकही वाचते आणि प्रक्रियेचा खर्चही. ‘पाला जाळला तर काय बिघडतं, राखच होते,’ हाही जुना गैरसमज. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी बागेतला कचरा आपल्याच आवारात वेगळा साठवण्याची आणि पालिकेच्या सूचनेप्रमाणे त्याची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी तो निर्माण करणाऱ्यावर टाकली. कचरा उघड्यावर टाकायला, जाळायला किंवा पुरायलाही मनाई केली. त्याच वर्षी 22 डिसेंबरला राष्ट्रीय हरित लवादाने कचरा उघड्यावर जाळण्यावर देशभर बंदी घातली आणि दंडही ठरवून दिला: साध्या प्रकरणात 5,000 रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळल्यास 25,000. त्या धुराने आधी खोकला लागतो तो शेजारच्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांना आणि पोरांना. अशा कोटेशनला स्वस्त म्हणणं चूक आहे; त्यातला खर्च फक्त दुसऱ्याच्या अंगावर ढकललेला असतो.

नारळाचा हिशेब आणखी निराळा. कोकणात आणि गोव्यात नारळ पाडणारा तासावर किंवा नारळांच्या संख्येवर नव्हे, तर झाडामागे पैसे घेतो. शहरातल्या माणसाला हे खटकतं: ‘दहा मिनिटांचं तर काम!’ पण दर असतो तो चढण्या-उतरण्याचा आणि त्यातल्या जोखमीचा. वर गेल्यावर पाच नारळ मिळाले की पंचवीस, चढण तेवढीच. नारळाला वर्षाकाठी साधारण बारा झावळ्या येतात आणि जवळपास तेवढ्याच वाळून गळतात. सोसायटीत वीस माड असले तर वर्षाला दोनशे चाळीस झावळ्या, प्रत्येकी दहा-पंधरा फूट लांब. सात फुटांच्या हौद्यात त्या अखंड बसत नाहीत, प्रत्येकीचे तुकडे करावे लागतात. कोकणातल्या घरी हाच कचरा नव्हता: झाप विणले जात, हिरांचे खराटे होत, उरलेलं चुलीत जाई. शहरात चूल गेली आणि झावळी बिलात आली.

मोठ्या झाडाच्या छाटणीतही दर असतो तो जोखमीचाच. उघड्या मैदानातली फांदी करवत लावली की खाली पडते. तीच फांदी पार्किंगच्या डोक्यावर असेल, तर दोराला बांधून तुकड्या-तुकड्याने उतरवावी लागते. एक माणूस वर, एक दोरावर, एक खाली लोकांना थांबवायला. शेजारून विजेची तार जात असेल तर वीज कंपनीकडून पुरवठा बंद करून घेतल्याशिवाय हात लावू नये. दोरी, पट्टा, हेल्मेट आणि कामगारांचा विमा यांचे पैसे जो कंत्राटदार लावतो, त्याचा आकडा मोठा दिसणारच. तो कमी करायला सांगणं म्हणजे वर चढलेल्या माणसाच्या कमरेचा पट्टा काढायला सांगणं.

‘झाड आमच्या आवारातलं, परवानगी कशाला?’ हाही एक समज. महाराष्ट्राचा नागरी क्षेत्रांतल्या झाडांच्या संरक्षणाचा 1975 चा कायदा खासगी जागेतल्या झाडांनाही लागू आहे. त्याच्या व्याख्येत झाड जाळणं किंवा त्याला इजा करणं हेसुद्धा ‘तोडणं’च ठरतं. तोडण्याचा अर्ज आला की पाहणी होते, झाडावर नोटीस लागते, वर्तमानपत्रात जाहिरात येते. 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षं वा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला. ही धावपळ कंत्राटदाराने करायची की सोसायटीने, हे आधी ठरलं नाही तर बिलावरून वाद ठरलेलाच.

नवी बाग करताना फसगत होते ती बहुधा मातीत. दर ‘चौरस फुटाला’ सांगितला जातो आणि दोन कोटेशनं सारखी वाटतात. पण माती मोजतात ब्रासने, म्हणजे शंभर घनफुटांनी. हजार चौरस फुटांवर सहा इंच माती घातली तर पाच ब्रास लागते. तीन इंच घातली तर अडीच. हिरवळीचे तयार पट्टे वर अंथरले की पहिल्या दिवशी दोन्ही बागा सारख्याच दिसतात. उन्हाळ्यात उथळ मातीतली आधी पिवळी पडते. म्हणून मातीची जाडी इंचांत लिहून घ्यावी. आणि ही बाग पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या वरच्या स्लॅबवर असेल तर आणखी एक खर्च येतो. पाच ब्रास माती म्हणजे अंदाजे वीस टन. ट्रक खाली गेटपाशी थांबतो. तिथून वर हजारेक घमेली माणसांच्या डोक्यावरून जातात. चौरस फुटाचा दर सांगणाऱ्याने जागा न पाहताच तो सांगितला असेल, तर हे डोक्यावरचं ओझं त्यात धरलेलं नसतं.

हिरवळ ही सर्वांत स्वस्त बाग, असंही पुष्कळांना वाटतं. लावताना ती स्वस्त पडते, सांभाळताना नाही. एक मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. पुण्याच्या उन्हाळ्यात रोज पाच मिलिमीटर धरलं, तरी हजार चौरस फुटांना दिवसाला साडेचारशे लिटरहून जास्त पाणी लागतं. दहा हजार लिटरचा टँकर तीन आठवड्यांत संपतो. शिवाय पावसाळ्यात वरचेवर कापणी, आणि कापलेल्या ओल्या गवताचा पुन्हा कचरा. तगर, कण्हेर, अडुळसा यांसारखी झुडपं याच जागेत कितीतरी कमी हजेऱ्यांत निभावतात.

करांचा मुद्दा थोडक्यात. जिवंत रोपांवर जीएसटी नाही, मात्र लावणी आणि देखभालीच्या कंत्राटी सेवेवर तो लागतो. वर्षाला वीस लाखांच्या आत उलाढाल असलेल्या छोट्या सेवा देणाऱ्याला नोंदणीची सक्ती नाही. त्यामुळे घरी येणाऱ्या माळ्याच्या आणि कंपनीच्या बिलातल्या फरकाचा काही भाग निव्वळ कराचा असतो.

आता उरतं खत. ‘आवारातच खत केलं की खर्च शून्य’ हेही पूर्ण खरं नाही. पाणी मारायला, ढीग वरखाली करायला माणूस लागतो. तरी हाच पैसा सर्वांत सत्कारणी लागतो, कारण खेपांचा मोठा भाग वाचतो. जाळीचा साधा पिंजरा सावलीत उभा करून फेब्रुवारी-मार्चची पानगळ त्यात दाबून भरावी, ओल टिकवावी, अधूनमधून ताक-शेणाचं पाणी किंवा ओला हिरवा पाला मिसळावा. तीन-चार महिन्यांत ढीग खाली बसतो आणि पावसाळी लावणीच्या वेळी काळंभोर खत हाती येतं. माळ्याला या कामाची वेगळी हजेरी द्यावी, आणि जेवढं खत निघेल तेवढं शेणखत लावणीच्या कोटेशनमधून वजा करायला सांगावं.